वारोची घुबडबाई पक्षी घडवतेय की त्यांना निरोप देतेय?

सांजवेळ

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुलगी झोपल्यावर बसलेच.

आमच्या हॉलमधे एका चित्राची प्रिंट आहे, नणंदेनं दिलेली. रेमेदिओस वारो या चित्रकर्तीचं 'पक्ष्यांची निर्मिती', १९५७ सालचं. मूळ चित्र मेक्सिको सिटीच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका खोलीत टेबलाशी एक बाई बसलीय, अंगभर पिसं, चेहरा घुबडाचा, हात मात्र माणसाचे. गळ्यात व्हायोलिन अडकवलंय आणि हातातला ब्रश त्या व्हायोलिनला जोडलेला. दुसऱ्या हातात त्रिकोणी काच. खिडकीतून ताऱ्याचा उजेड येतो, त्या काचेतून कागदावर पडतो आणि कागदावरचा पक्षी जिवंत होऊन उठायला लागतो. शेजारी अंड्याच्या आकाराचं एक यंत्र आहे, ते बाहेरून काहीतरी खेचून घेतं आणि पॅलेटवर लाल, पिवळा, निळा असे तीन रंग सोडतं. एक पक्षी खाली जमिनीवर टिपत बसलाय. खिडकी उघडीच.

येणारा प्रत्येकजण म्हणतो, किती जादुई, किती आनंदी चित्र. नणंदही तेच म्हणते. मला मात्र पहिल्या दिवसापासून त्याच्यासमोर उभं राहिलं की पोटात कालवल्यासारखं होतं आणि का ते सांगता येत नव्हतं. परवा मुलीनं (वय ७) विचारलं, "आई, हिला एवढी पिसं आहेत, मग पंख कुठेयत?" मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. खरंच, पंखांच्या जागी हात आहेत. म्हणजे बाई पक्षी करते, सोडते, परत दुसरा करायला घेते, आणि स्वतः टेबल सोडून कुठेही जाऊ शकत नाही.

तर मला हे निरोपाचं चित्र वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

दगडफूल

पक्षी उडून गेल्यावर टेबलावर राहतं काय, तर कोरा कागद. आपले @कोरा_कागद इतक्या वर्षांपूर्वीच चित्रात गेलेत आणि आम्हाला सांगितलं पण नाही :)

बाकी चित्र आत्ता शोधून पाहिलं. जबरदस्त आहे.

अर्धवर्तुळ

अतिवास्तववादी चित्रात अर्थ शोधायचाच नसतो असं माझं स्पष्ट मत. १९२४ साली आंद्रे ब्रेतोंनं जाहीरनामा लिहिला तेव्हाच सांगून टाकलं होतं की बुद्धीचा पहारा उठवा आणि मनात येईल ते येऊ द्या. स्वप्नात घुबड आलं, व्हायोलिन आलं, काढलं. आपण त्याचं गणित मांडत बसलो की चित्र मरतं. मला ते चित्र बघून छान वाटलं, विषय संपला.

कोरा_कागद

@दगडफूल, मॉडेलचं मानधन अजून मिळालेलं नाही :)

@अर्धवर्तुळ, तुमचं म्हणणं सगळ्याच अतिवास्तववाद्यांना लागू होत नाही, आणि वारोला तर फारच कमी. मी स्वतः रंगवतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या मंडळींत काम करायच्या दोन तऱ्हा होत्या. एक माक्स अर्न्स्टची. ओला रंग फासायचा, त्यावर काच किंवा कागद दाबायचा, उचलायचा, मग जे डाग आणि शिरा उमटतात त्यांत प्राणी दिसेपर्यंत बघत राहायचं. याला डिकॅल्कोमनी म्हणतात. यात तुम्ही म्हणता तसं चित्र आधी होतं आणि चित्रकाराला नंतर कळतं. दुसरी तऱ्हा वारोची. तिचे वडील जलसिंचनाचे इंजिनियर होते, लहानपणी ती त्यांची यंत्रांची ड्रॉइंग नकलून काढायची, पट्टी-कंपास हातात धरायला तिथेच शिकली. पुढे माद्रिदच्या सान फेर्नांदो अकादमीत रीतसर शिक्षण. ती आधी पूर्ण मापाचं रेखाटन करायची आणि तेच फळीवर उतरवायची. हे चित्र मॅसोनाइटवर आहे, म्हणजे दाबून केलेल्या लाकडाच्या लगद्याच्या गुळगुळीत फळीवर, कॅनव्हासवर नाही, कारण इतक्या बारीक रेघा कॅनव्हासच्या विणीवर बसतच नाहीत. डागांचे खेळ तीही करायची, पण कुठे करायचे ते तिचं आधी ठरलेलं असायचं. त्यामुळे यंत्राची नळी कुठून निघून कुठे जाते ते तुम्ही बोटानं माग काढत बघू शकता. स्वप्न एवढं नीट प्लंबिंग करत नाही हो!

अर्धवर्तुळ

प्लंबिंगचा मुद्दा मान्य. तरी नीट काढलं म्हणून अर्थ असलाच पाहिजे असं होत नाही.

झुळूक

मी व्हायोलिन वाजवते त्यामुळे माझी नजर आधी तिथेच गेली. गंमत म्हणजे व्हायोलिन हनुवटीखाली नाही, छातीवर आहे. वाजवायचं म्हटलं तर असं धरून वाजणारच नाही. पण वाजताना ते सगळ्यात जास्त जाणवतं कुठे, तर हनुवटीच्या आणि गळ्याच्या हाडात. आवाज कानाच्या आधी हाडातून येतो. त्यामुळे ते तिथे टांगलेलं बघून मला काही विचित्र वाटलंच नाही. बो च्या, म्हणजे तारांवर फिरवायच्या काठीच्या, जागी ब्रश आहे एवढंच.

वारोचं १९५५ सालचं 'सौर संगीत' पण बघा, त्यात एक बाई झाडीत उभी राहून उन्हाच्या तिरिपेवर बो फिरवतेय. उजेड आणि आवाज तिच्या डोक्यात वेगळे नव्हतेच बहुतेक.

विद्युल्लता

झुळूक यांनी उजेड आणि आवाज म्हटलं म्हणून लिहायचं धाडस करतेय, मी भौतिकशास्त्र शिकवते, चित्रातलं फार कळत नाही.

तिच्या हातात आहे त्या वस्तूचा आकार लोलकाचा आणि काम भिंगाचं आहे. लोलकातून पांढरा उजेड गेला तर रंगांचा पट्टा पडायला हवा. तारा असला तरी तेच, ताऱ्यांच्या उजेडाचा पट्टा पाडूनच तर त्यांच्यात कुठली मूलद्रव्यं आहेत ते कळतं. पण रंग तिनं उजेडातून घेतलेच नाहीत, रंग येतात यंत्रातून. आणि तेही लाल-पिवळा-निळा, म्हणजे रंगपेटीतले तीन. उजेडाचे मूळ रंग तिनं काढले असते तर लाल-हिरवा-निळा आले असते. रंगपेटीतले रंग मिसळत गेलात की काळपट होत जातात, उजेडाचे मिसळलेत की पांढऱ्याकडे जातात. हे दोन वेगळे हिशोब आहेत आणि ती दोन्ही एकाच टेबलावर आणून ठेवते. म्हणजे रंग खालून आणि उजेड वरून, पक्षी मधे.

आणि व्हायोलिनबद्दल. न्यूटननं १७०४ च्या 'ऑप्टिक्स'मधे वर्णपट सात रंगांत वाटला तो संगीतातल्या सप्तकाशी जुळवून. स्वर सात तर रंगही सात. शास्त्र म्हणून ती जुळणी टिकली नाही, पण अशा विचाराला किती जुनी परंपरा आहे बघा.

दगडफूल

विद्युल्लताताई तुम्ही आमच्या शाळेत असता तर मी लोलक हा शब्द फक्त धडा संपेपर्यंत लक्षात ठेवला नसता.

जुनी_वही

सांजवेळ, तुला जे तुटल्यासारखं वाटतंय ना, त्याला तिच्या आयुष्यात आधार आहे बघ.

वारोचा जन्म १९०८ चा, स्पेनमधल्या अंग्लेस गावचा. स्पेनमधे यादवी युद्ध पेटलं तेव्हा ती पॅरिसला गेली, आणि हुकूमशहा जनरल फ्रँको जिंकल्यावर परतीचे दरवाजे बंद झाले. मग जर्मन फौजा पॅरिसमधे शिरल्या, तिथूनही पळावं लागलं. १९४१ मधे कवी बेंजामिन पेरेबरोबर ती मेक्सिकोला पोचली आणि तिथलीच होऊन राहिली. पोटासाठी वर्षानुवर्षं दुसऱ्यांची कामं केली, औषध कंपनीच्या जाहिरातींची चित्रं काढली. १९४० च्या दशकाच्या शेवटी काही काळ व्हेनेझुएलात होती तेव्हा मलेरियाविरुद्धच्या कामासाठी सूक्ष्मदर्शकाखाली डास बघून त्यांची चित्रं काढायची. पंखवाले प्राणी भिंगाखाली धरून कागदावर उतरवणं हे तिचं खरोखरचं नोकरीतलं काम होतं, लक्षात घ्या. स्वतःच्या चित्रांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन १९५६ मधे लागलं, म्हणजे सत्तेचाळिशीत. त्याच्या पुढच्याच वर्षी हे चित्र. आणि १९६३ मधे हृदयविकारानं गेली, अवघी ५४ वर्षांची.

मग परत ती उघडी खिडकी बघ. ज्या बाईला मायदेशी जाता येत नाही ती दुसऱ्यांना उडायला शिकवतेय. मला तर भरून आलं लिहिताना.

सांजवेळ

वहीताई, डासांचं मला अजिबात माहीत नव्हतं. अंगावर काटा आला. भिंग, कागद, पंख, सगळं तिथेच आहे की!

अर्धवर्तुळ

वहीताई, आदर ठेवून असहमती. चित्रकाराचं चरित्र उघडायचं आणि चित्रावर चिकटवायचं, हे मला पटत नाही. हेच चित्र सुखानं एका गावात आयुष्य काढलेल्या बाईनं काढलं असतं तर तुम्ही खिडकीबद्दल काय म्हणाला असता? खिडकी तर तीच असती. आणि चेहरा बघा, दुःखी आहे का तो? मला तर भाजी निवडणाऱ्या माणसाइतका शांत दिसतो.

कोरा_कागद

हा प्रश्न चांगला आहे. मग चरित्र बाजूला ठेवू आणि चित्राशेजारी चित्र ठेवून बघू.

माद्रिदला शिकत असताना ती प्रादो संग्रहालयात जायची. आज तिथे असलेल्या, पाचशे वर्षांपूर्वीच्या बॉश या चित्रकाराच्या 'ऐहिक सुखांची बाग'मधे उजवीकडे नरक आहे, आणि त्यात उंच खुर्चीवर पक्ष्याच्या डोक्याचा एक निळा प्राणी बसलाय, डोक्यावर कढई, माणसं सबंध गिळतोय आणि खाली टाकतोय. तो ज्याला गिळतोय त्या माणसाच्या मागून काळे पक्षी बाहेर उडतायत. आता वारोकडे या. तिथेही पक्ष्याच्या डोक्याचं कोणीतरी बसलंय आणि त्याच्यापासून पक्षी निघतायत. पण बॉशचा खातो, ही घडवते. सुमारे साडेचारशे वर्षांनी कोणीतरी त्या नरकातल्या खुर्चीवरून त्याला उठवून कामाला बसवलंय असं मला वाटतं.

दुसरं चित्र अर्न्स्टचं, 'नवरीचा साजशृंगार', १९४०, व्हेनिसला पेगी गुगेनहाइमच्या संग्रहात आहे. त्यातही घुबडासारख्या डोक्याची बाई आहे, लालभडक पिसांचा प्रचंड झगा घातलेली. पण ती नटवलेली आहे, तिच्याकडे बघायचंय. वारोची बाई आपल्याकडे बघत नाही, तिला कोणी बघतंय याची फिकीरच नाही, तिची मान कागदावर आहे. पिसांचा तोच झगा, पण तिथे पोशाख, इथे कामाचे कपडे.

मला म्हणून हे चित्र निरोपाचंही वाटत नाही आणि जादूचंही. हे कामाचं चित्र आहे. काम करणाऱ्या बाईचं, रात्री, सगळे झोपल्यावर.

सांजवेळ

"रात्री, सगळे झोपल्यावर" हे वाचून थांबले. मी हा धागा काढला तोही तसाच.

नवखा_मी

मी इथे पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल द्यावी. घुबडच का? राजहंस का नाही, गरुड का नाही? आपल्या भाषेत तर घुबड म्हणजे जवळजवळ शिवीच.

दगडफूल

स्वागत! मला शाळेत बाई घुबड म्हणायच्या, कारण मी मागे वळून वळून बोलायचो. मान २७० अंश वळते म्हणतात घुबडाची. माझीही वळायची.

जुनी_वही

ग्रीकांच्यात घुबड अथेनाचं, म्हणजे शहाणपणाचं. बॉशनं मात्र डावीकडच्या स्वर्गातही कारंज्याच्या पोटात एक घुबड बसवून ठेवलंय, गुपचूप बघत असलेलं, आणि त्याचा अर्थ काय यावर लोक अजून भांडतात. म्हणजे एकच पक्षी आणि जो तो आपापल्या परीनं बघतो.

रानपाखरू

अरे मला कोणी बोलावलं का नाही? पक्ष्यांचा विषय आणि मी तिसऱ्या दिवशी बघतोय!

नवखा_मी यांनी खरा प्रश्न विचारलाय. सगळे अथेना आणि शहाणपण म्हणतील पण मी घुबडाकडे घुबड म्हणून बघतो. तो चेहरा पाहा, पांढुरका, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा. हे गव्हाणी घुबड. त्याचा तो चपटा गोल चेहरा म्हणजे चेहरा नाहीच, ती आवाज गोळा करायची ताटली आहे. पिसं अशी रचलेली असतात की आलेला आवाज कानांकडे वळतो. दोन कान एकाच उंचीवर नसतात, एक वर एक खाली, त्यामुळे आवाज डावी-उजवीकडून आला हे कळतंच पण वरून की खालून हेही कळतं. पूर्ण अंधारात, अक्षरशः काहीही दिसत नसताना, गव्हाणी घुबड नुसत्या खसखशीवरून उंदीर पकडतं, हे प्रयोग करून सिद्ध झालेलं आहे. स्वतः उडताना आवाज करत नाही ते पंखांच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात म्हणून, म्हणजे उडता उडताही ऐकू यावं.

आता झुळूक यांचं व्हायोलिन आणि हा चेहरा एकत्र ठेवा. आपण सगळे म्हणतोय बाई बघून चित्र काढतेय. ती ऐकून काढतेय! पक्षी कसा दिसतो ते तिला माहीत नाही, तो कसा गातो ते माहीत आहे, तारेतून ते ब्रशमधे येतं आणि ब्रश आकार करतो. मी जंगलात २५ वर्षं फिरतोय, दहांतले आठ पक्षी मला आधी ऐकू येतात, दिसतात नंतर, कित्येक तर दिसतच नाहीत. म्हणून मला हे लगेच पटलं.

विद्युल्लताताईंना एक पुरवणी. पिसांतला निळा रंग हे जवळजवळ कधीच रंगद्रव्य नसतं. धीवर, मोर, नीलपंख, कुणाच्याही पिसाची पूड केलीत तर निळा रंग नाहीसा होतो, कारण तो पिसाच्या सूक्ष्म रचनेत उजेड विखुरल्यामुळे दिसतो. उलट बऱ्याच पक्ष्यांचा लाल-पिवळा खाण्यातून येतो, रोहित पक्षी खायला योग्य ते मिळालं नाही तर फिके पडतात. म्हणजे पक्षी रंगवायचा तर नुसता रंग पुरत नाही, उजेड लागतो आणि चारा लागतो. टेबलावर रंग आहे, काचेत उजेड आहे, आणि जमिनीवर तो एकजण टिपत बसलाय. पक्षी करायची अख्खी कृती दिलीय हो बाईनं.

विद्युल्लता

वा! म्हणजे रंग आणि उजेड हे दोन वेगळे हिशोब ती उगाच एका टेबलावर आणत नाहीये, पक्ष्याच्या पिसात ते खरोखरच एकत्र असतात. उद्या वर्गात हेच चित्र लावते.

झुळूक

ऐकून काढतेय... आता मला ते चित्र परत पहिल्यापासून बघायला लागणार.

अर्धवर्तुळ

रानपाखरू, मी अर्थ शोधू नका म्हणत होतो ते मागे घेत नाही, पण तुमचं जे आहे ते अर्थ लावणं नाहीच, ते बघणं आहे. चित्रात जे आहे तेच तुम्ही आमच्यापेक्षा नीट बघितलंत. याला माझी काही हरकत नाही. मी काल रात्री अर्धा तास त्या चेहऱ्याकडे बघत बसलो होतो हे कबूल करतो.

एकच शंका उरते. खाली बसलेला तो पक्षी. सांजवेळ म्हणतात निरोप, तर मग हा गेला का नाही? खिडकी सताड उघडी, आणि हा आपला टिपतोय.

जुनी_वही

भूक लागली असेल, खाऊन जाईल.

कोरा_कागद

मला तो पहिल्यापासून चित्रातला सगळ्यात खरा वाटतो. बाकी सगळं अद्भुत आहे, तारा, यंत्र, व्हायोलिन. हा एकटा कुठल्याही अंगणातल्या पक्ष्यासारखा वागतोय, आपण जादूनं झालोय याचं त्याला काहीही नाही. निर्मिती यशस्वी झाली याचा पुरावा उडणारा पक्षी देत नाही, तो देतो.

नवखा_मी

किंवा त्याला तिथेच राहायचं असेल. सगळ्यांनाच जायचं नसतं.

सांजवेळ

चार दिवसांनी येतेय, मधे मुलीला ताप होता, आता बरी आहे.

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. नणंदेलाही वाचून दाखवले, ती म्हणाली बघ मी म्हणत होते ना आनंदी आहे, मी म्हटलं कोणीच आनंदी म्हटलेलं नाही, काम म्हटलंय. ती म्हणाली तेच ते. आमचं हे काही मिटायचं नाही.

पण रानपाखरू, तुमचं ऐकण्याचं वाचल्यापासून माझं पोटात कालवणं कमी झालंय हे खरं. पंख नाहीत म्हणून ती अडकलीय असं मी धरून चालले होते. आता वाटतं तिचे पंख हातांत गेले असतील. निरोप मात्र मी सोडणार नाही. वहीताईंनी सांगितलं ते एकदा कळल्यावर ती खिडकी नुसती खिडकी राहत नाही, अर्धवर्तुळ काहीही म्हणोत.

मुलीला बसल्या जागी सगळं सांगितलं, घुबडाच्या कानांचं, निळ्या पिसाचं. तापात पडल्या पडल्या तिनं वहीत आपलं चित्र काढलं. त्यात घुबडबाई खिडकीतून निघालीय, दोन्ही हातांना पिसं चिकटवलेली. मी विचारलं, अगं मग आता पक्षी कोण करणार? तर म्हणाली, तो खाली बसलेला आहे ना, तो. म्हणून तर थांबलाय तो.

अर्धवर्तुळ

माझ्या शंकेचं उत्तर मिळालं.

रानपाखरू

पण एवढ्याशा पक्ष्याच्या गळ्यात व्हायोलिन मावलं कसं?

सांजवेळ

छोटं काढलंय तिनं. तारा दोनच आहेत.